तिसऱ्या पडद्यावरचा चिमटा

सगळं गाव त्यांना चिमटेमास्तर म्हणतं, आणि तेही तोंडावर. पोस्टमन पाकिटावरचं खरं नाव वाचतो, डोकं खाजवतो, मग 'अरे, हे तर आपले चिमटेमास्तर' म्हणून जिना चढतो. दुसऱ्या कुणाला राग आला असता, पण मास्तरांना येत नाही. परवा कुणी नुसतंच 'मास्तर' म्हणून हाक मारली तर त्यांनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. हे नाव त्यांनी कमावलंय. कसं कमावलं ते मी नीट सांगतो, कारण या गोष्टीच्या सतरा आवृत्त्या गावात फिरताहेत आणि त्यातल्या सोळा साफ खोट्या आहेत.

मास्तरांची आई लवकर गेली आणि वडील जहाजावर नोकरीला लागून तिकडचेच झाले. पोराला वाढवलं आत्यानं. आत्या दोरांच्या कारखान्यात होती. कारखाना म्हणजे एकच शेड, पण चारशे पावलं लांब. कमरेला तागाचा पेंढा गुंडाळायचा, त्याचं टोक फिरत्या चाकाला अडकवायचं, आणि बोटांतून ताग सोडत सोडत उलट्या पावलांनी मागे चालत जायचं. चाक पीळ देतं आणि समोर दोर तयार होत जातो. रांगेतल्या सगळ्यांचं पाऊल एक पडलं तरच पीळ सारखा बसतो, म्हणून त्या बाया गायच्या. गाणं ही काही हौस नव्हती बरं का, ते कामाचं हत्यार होतं. आत्यानं तीस वर्षं असं उलटं चालून काढली. तिला घरातसुद्धा मागे न बघता दार सापडायचं.

सतराव्या वर्षी आत्यानं भाच्याला कारखान्यात चिकटवलं. तो टिकला दहा दिवस. गाण्याची शेवटची ओळ आली की हा पठ्ठ्या ऐकायला थांबायचा! पाय थांबले की दोरात ही एवढी गाठ. अकराव्या दिवशी मुकादमानं त्याचा दोर हातात धरून सगळ्यांना दाखवला आणि म्हणाला, याचे कान लाखाचे आहेत, पाय मात्र कवडीचेही नाहीत. शेड हसली. आत्याही हसली, आणि ते मास्तरांच्या जिव्हारी लागलं. घरी येऊन त्यांनी दोन दिवस तिच्याशी अबोला धरला. तिनंही धरला. सुंभ जळलं तरी पीळ जात नाही म्हणतात, आणि या घरात तर पीळ देण्याचाच धंदा.

पुढे मास्तर न्हाव्याच्या दुकानात केस झाडायला लागले. तिथल्या भिंतीवर एक गिटार टांगलेली होती. कुणा गिऱ्हाइकानं उधारीपोटी ठेवलेली, तिच्यावर पाच वर्षांची पावडर बसलेली. न्हाव्यानं ती देऊन टाकली, कारण तिचा दांडा वाकलेला होता. पहिल्या दोन पडद्यांवर, म्हणजे दांड्यावरच्या आडव्या पट्ट्यांवर, बोट ठेवलं की तार अशी झणझणायची की डब्यात गांधीलमाशी कोंडली आहे असं वाटावं. दुसरा कुणी असता तर त्यानं तिचं सरपण केलं असतं. मास्तरांनी कॅपो आणला. कॅपो म्हणजे एक चिमटा. दांड्यावर आडवा लावला की सहाही तारा तिथून पुढे वाजतात आणि सगळा सूर वर चढतो. त्यांनी तो तिसऱ्या पडद्यावर लावला, रोगट भाग चिमट्याच्या मागे गेला, आणि गिटार सुरेल झाली. योगायोग असा की त्या बाया शेडमध्ये चाकांच्या खडखडाटावर आवाज चढवून ज्या पट्टीत गायच्या, बरोबर तीच पट्टी निघाली. चिमटा जो तिथे बसला तो बसलाच.

गिटार त्यांना कुणी शिकवली नाही. एक फाटकं पुस्तक, दुकानाचा आरसा आणि न्हाव्याच्या शिव्या, एवढ्यावर ते शिकले. तिशीच्या आत सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत त्यांचा क्लास सुरू झाला. खोलीत आठ खुर्च्या होत्या, त्यातल्या दोन डुगडुगत्या. दाराशी चपला काढायच्या, शेजारच्या पत्र्याच्या डब्यातून एक चिमटा उचलायचा, आपल्या गिटारच्या तिसऱ्या पडद्यावर लावायचा आणि मगच बसायचं. मास्तरांच्या गिटारशी सूर जुळायचा तर हे हवंच. नवा विद्यार्थी जुन्याचं बघून करायचा. का, असं कुणी विचारलं नाही, आणि वर्षांमागून वर्षं गेली तसं मास्तरांच्याही ते ध्यानात राहिलं नाही. चष्मा नाकावर असताना घरभर शोधणारी माणसं तुम्ही पाहिली असतील, तसं.

मग नायलॉन आलं आणि दोरांचा कारखाना बंद पडला. शेडला कुलूप लागलं, आत्या घरी बसली, आणि मास्तरांना पहिल्यांदा भीती वाटली. आता ही गाणी कोण म्हणणार? काम गेलं तर कामाची गाणी काय हवेत राहणार? ते रोज दुपारी आत्याच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायला लागले, मांडीवर वही, हातात पेन्सिल. आत्या भाजी चिरता चिरता म्हणायची आणि हे लिहायचे. ती दटावायची की पेन्सिलीचा आवाज करू नकोस, मला ओळ आठवत नाही. तिच्या तीन मैत्रिणीही यायच्या आणि एकेका शब्दावरून चौघी अशा भांडायच्या की मास्तरांच्या नाकी नऊ यायचे. चार वर्षांत चौसष्ट गाणी झाली.

पासष्टावं होतं, ते आत्या देईना.

ते मोठ्या दोराचं गाणं. जहाज बांधायचा मांडीएवढा जाड दोर वळायचा दिवस वर्षातून एक-दोनदाच यायचा, तेव्हा शेडमधली सगळी तीस माणसं एकाच दोराला लागायची. एक जण पुकारणार, बाकीचे ओढणार. तेव्हाच ते गाणं म्हणायचं, एरवी कुणी ते गुणगुणायचंही नाही. पुकारणारी आत्या होती. मैत्रिणींना फक्त ओढायच्या ओळी ठाऊक होत्या, पुकाराच्या ओळी एकट्या आत्याकडे. मास्तरांनी मागून पाहिलं, रुसून पाहिलं, तिच्या आवडीचा पेढीवरचा तंबाखू आणून पाहिला. तंबाखू तिनं ठेवून घेतला.

शेवटी एकदा तिनं पाटावर सुरी ठेवली आणि सरळ सांगितलं. "पुस्तकात गाणं घालणं म्हणजे पेटीत कोट घालणं. कोट दिसतो, पण अंगात कुणाच्या असतो? ज्या दिवशी लोक तुझं पुस्तक मिटून, तुझ्या गिटारीशिवाय ही गाणी म्हणतील, त्या दिवशी ते तुला देईन. तोवर मी मेले तर ते माझ्याबरोबर जाईल."

आत्या तेव्हा बाहत्तर वर्षांची होती आणि जिना चढताना दोनदा थांबत होती. म्हणजे बघा, मुदत किती होती ते.

मास्तरांनी कंबर कसली. चौसष्ट गाण्यांचं पुस्तक करायचं, शब्दांच्या डोक्यावर कॉर्डची नावं लिहायची, आणि तीन कॉर्ड येणाऱ्या कुठल्याही माणसाला ते वाजवता आलं पाहिजे. प्रकाशकानं वही चाळली आणि विचारलं की ही मजुरांची गाणी विकत कोण घेणार, त्यापेक्षा तुम्ही प्रेमगीतं का नाही करत? मास्तर म्हणाले, प्रेमाचीच आहेत, फक्त दोरावरच्या. प्रकाशकाला ते काही कळलं नाही. मग क्लासमध्ये येणाऱ्या एका छापखानेवाल्यानं फावल्या वेळात पानं छापून दिली, आणि शिवणकाम करणाऱ्या मास्तरांच्या बायकोनं पहिल्या तीनशे प्रती कोटाच्या दोऱ्यानं मशीनवर शिवल्या. तीन सुया मोडल्या. तिसरी मोडली तेव्हा ती म्हणाली, अहो, तुमच्या आत्याचा दोरही एवढा चिवट नसेल. त्या पुस्तकाची प्रत आजही उलगडून बघा, एक पान सुटलेलं नाही.

पुस्तक चाललं! आधी हळूहळू, मग धडाधड. इस्पितळातल्या नर्सेसनी मागवलं, भट्टीवरच्या कामगारांनी मागवलं, दूरच्या कुठल्या बेटावरच्या शाळेनं मागवलं. मास्तर मोहरून गेले. एका नर्सबाईंचं पत्र आलं की गाणी फार सुंदर आहेत, पण जरा खालच्या पट्टीत जातात का? मास्तरांनी उलट टपाली कळवलं की रोज सकाळी गळा तापवत जा. काय म्हणावं या माणसाला! काखेत कळसा आणि गावाला वळसा.

तुमच्या लक्षात आलंच असेल. पुस्तकभर कॉर्डची नावं होती ती चिमट्यापुढची. आणि चिमटा तिसऱ्या पडद्यावर लावा, हे चौसष्ट पानांत एका कोपऱ्यातही लिहिलेलं नव्हतं. चपला काढून आत या असं कुणी पुस्तकात लिहितं का? क्लासमधल्या कुणाच्या ध्यानात येणं शक्यच नव्हतं, त्यांचे हात डब्याकडे आपोआप जायचे. पण बाहेरच्या जगाकडे तो डबा नव्हता. तिथे सगळे ती गाणी तीन पडदे खाली म्हणत होते, आणि मास्तरांना त्याचा पत्ता नव्हता.

सहा वर्षांनी शेजारच्या शहरातल्या बस आगाराचं बोलावणं आलं. तिथल्या ड्रायव्हर-कंडक्टरांनी पुस्तकातली गाणी बसवली होती, आगाराच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी कार्यक्रम होता, आणि मास्तरांनी येऊन वाजवावं अशी त्यांची इच्छा होती. मान मास्तरांचा, म्हणून आगारवाल्यांनी आपल्या गिटारी घरीच ठेवल्या होत्या. आत्या अठ्ठ्याहत्तरची झाली होती. तिच्या तिन्ही मैत्रिणी तोवर गेल्या होत्या. ती म्हणाली, मी येते, बघू तरी तुझा कोट कुणाच्या अंगात आहे ते. गेल्या दोन वर्षांत तिनं घरातही गाणं सोडलं होतं. वरच्या सुराला आवाज फाटायचा, आणि फाटक्या आवाजात गाणाऱ्यातली ती नव्हती.

हॉलमध्ये चारशे माणसं होती. अर्धी खाकीत, कारण त्यांची पाळी संपून ती तशीच आली होती. मास्तर स्टेजवर चढले, टाळ्या झाल्या, त्यांनी चिमटा चाचपला आणि पहिल्या गाण्याची सुरुवात वाजवली. चारशे गळे एकदम सुटले.

आणि जे काय झालं म्हणता! गिटार एका मजल्यावर, गाणं तळमजल्यावर. मास्तरांना वाटलं लोक चुकले. त्यांनी हसून थांबवलं, सूर पुन्हा दिला. लोकांनी तो ऐकला, सवयीनं पुन्हा आपल्याच जागी गेले आणि पुन्हा तोच गोंधळ. तिसऱ्यांदा थांबल्यावर पुढच्या रांगेतली तिकीट खिडकीवरची बाई उठली. बिचारी अदबीनं म्हणाली, "मास्तर, आमचं काही चुकतंय का? पुस्तकात तर हेच लिहिलंय."

तिनं पुस्तक उघडून समोर धरलं. मास्तरांनी पान बघितलं, मग स्वतःचा डावा हात बघितला, आणि हाताच्या मागे बसलेला तो चिमटा त्यांना बावीस वर्षांत पहिल्यांदा दिसला. नर्सबाईंचं पत्र आठवलं. दूरचं बेट आठवलं. हजारो पुस्तकं, आणि प्रत्येक पान चुकीचं! समोर तिसऱ्या खुर्चीवर आत्या बसली होती, काठीवर दोन्ही हात ठेवून, चेहऱ्यावर काही न दाखवता. सहा वर्षं ज्या दिवसाची वाट बघितली त्याच दिवशी हे असं हात दाखवून अवलक्षण.

त्यांना सावरून घेता आलं असतं, हे मला मुद्दाम सांगायचंय. तुम्ही नवशिके आहात, पुढच्या वेळी चिमटे आणा, असं म्हटलं असतं तर चारशे माणसांनी माना डोलावल्या असत्या. मास्तरांनी तसं केलं नाही. त्यांनी स्टेजच्या पुढे येऊन सांगितलं, "चूक तुमची नाही, माझी आहे. हा चिमटा लावायला सांगायचंच मी विसरलो. सगळं पुस्तक तीन पडदे खाली गेलंय."

मास्तरांनी चिमटा काढून खिशात टाकला आणि तसंच वाजवायला गेले, तर जुनं दुखणं उपटलं. पहिलीच कॉर्ड अशी झणझणली की मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं, आणि मग सगळा हॉल खो खो हसत सुटला. मास्तरही हसले, काय करणार. दुसरी बोटं धरून सूर जुळवता येतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण डोक्यात तो ताळा जमेपर्यंत एक जाडजूड ड्रायव्हर उठून म्हणाला, "मास्तर, तुम्ही बसा. आम्ही म्हणतो." आणि त्यानं सुरुवात केलीसुद्धा.

चारशे माणसं गायला लागली. त्यांच्या मांडीवर पुस्तकं होती, पण मिटलेली. स्टिअरिंग धरून पुस्तक कुठे बघणार? त्यांना ती बसच्या फेऱ्यांतच पाठ झाली होती. आणि मास्तर जे ऐकत होते ते त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. शेडमधलं ते चढं, धारदार गाणं इथे खाली उतरून रुंद झालं होतं. ज्यांना जन्मात सूर लागला नसेल अशी माणसं त्यात आरामात मावत होती. वरच्या पट्टीत यातली तीनशे तरी पहिल्या ओळीला गप्प बसली असती. मास्तर स्टेजच्या कडेला बसले आणि ढसाढसा रडले, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

दुसरं गाणं झालं, तिसरं झालं. चौथ्याला मास्तरांना एक आवाज वेगळा ऐकू आला. जुना, खरखरीत, पण न फाटलेला. त्यांनी वर बघितलं. आत्या गात होती. एवढ्या खाली तिला सूर पोचत होता.

गाणं संपलं तशी ती काठी टेकत उठली. दोन कंडक्टर हात द्यायला धावले, तिनं त्यांना उडवून लावलं आणि स्वतः स्टेजवर चढली. मास्तरांकडे बघून म्हणाली की पुस्तक मिटलेलं होतं, गिटार नव्हती, मी बोलले ते बोलले. मग हॉलकडे तोंड करून तिनं लोकांना ओढायच्या ओळी शिकवल्या, दोनदा म्हणवून घेतल्या, मागच्या रांगेला रागावली आणि पुकारायला लागली.

जाड दोर हा कुणाच्या दाराचा?
*मोठ्या जहाजाचा, हो, मोठ्या जहाजाचा!*
जहाजावर त्या नाव कुणाचं?
*आमचं नाही, हो, दोर मात्र आमचा!*

हॉल हलला हो. दहा-अकरा वर्षं बंद असलेलं गाणं, आणि चारशे माणसं ते ओढत होती. मास्तरांनी वही काढली होती, पण पेन्सिल चालत नव्हती. आत्यानं दुसरं कडवं पुकारलं, त्याची ओढ झाली, तिनं तिसऱ्यासाठी श्वास घेतला आणि थांबली.

ती आठवत होती. ओठ हलले, पण काही आलं नाही. जगात दुसऱ्या कुणाला ते येत नव्हतं, आणि हे मास्तरांना ठाऊक होतं तसं तिलाही. तिनं एकदा छताकडे बघितलं. मग ती भाच्याकडे वळली.

"तिसरं तू म्हण."

"आत्या, मला कुठे येतंय? तू कधी दिलंच नाहीस."

"येत नाही तर कर. आम्हीसुद्धा केलीच होती, आकाशातून नव्हती पडली."

मास्तरांनी जन्मभर दुसऱ्यांची गाणी लिहिली होती. स्वतःची एक ओळ केली नव्हती, करायचा आपल्याला हक्क आहे असंही कधी वाटलं नव्हतं. चारशे माणसं वाट बघत होती. ते उभे राहिले, आणि सूर त्याच तळमजल्यावरचा लागला.

मागं मागं चालत गेलो,
*पुढं दोर गेला, हो, पुढं दोर गेला!*

दोन्ही ओळी त्यांनीच म्हटल्या. हॉलनं दुसरी झेलायला तोंड उघडलं, तोच आत्यानं हात वर करून सगळ्यांना थांबवलं. तिचा चेहरा कामावर असतानाचा झाला होता. शेडमध्ये शेजारच्या बाईशी एकेका शब्दावरून भांडायची, तसा.

"'गेला' नको," ती म्हणाली. "ओढायला दम पुरत नाही त्यावर. 'निघाला' म्हण."

मास्तरांनी 'निघाला' म्हटलं, आणि चारशे माणसांनी ते उचललं.